सारखं दिसणं आणि नात्यात असणं: शास्त्रज्ञ गट कशावरून ठरवतात?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. शाळेत साप, सरडे, मगरी एका वर्गात आणि पक्षी दुसऱ्या वर्गात असं शिकलात. आता वाचनात आलं की मगर सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची. बाभळीचं शास्त्रीय नाव अकेशियाचं व्हॅचेलिया झालेलं पाहिलंत. आणि तुम्ही स्वतः जमवलेल्या बियांचे गट कशावर पाडायचे, हे ठरत नाहीये. म्हणून तुम्ही विचारता की शास्त्रज्ञ हे गट नेमके कशावरून करतात, आणि ते खरे असतात की निव्वळ सोयीचे?

मी वनस्पती वर्गीकरणात काम करते. माझा बराचसा वेळ वाळवलेल्या नमुन्यांच्या शीटा, भिंग आणि अलीकडे डीएनएच्या माहितीवरून काढलेल्या वंशवृक्षांमध्ये जातो. त्यामुळे उदाहरणं झाडांची जास्त येतील. पण भाषांचे आणि जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासकही जवळजवळ असाच विचार करतात, तेही पुढे सांगते, कारण तिथे हा तर्क जास्त स्वच्छ दिसतो.

आधी प्रश्नाचा गाभा. वस्तूंमध्ये सारखेपणा शोधणं अवघड नसतं, तो हवा तितका सापडतो. अवघड असतं ते त्या सारखेपणामागचं कारण ओळखणं. दोन वनस्पती सारख्या दिसतात याची निदान तीन कारणं असू शकतात. ती वैशिष्ट्यं दोघींना एकाच जवळच्या पूर्वजाकडून मिळाली असतील. ती फार जुनी असतील, दोघींनी नुसती टिकवून ठेवली असतील. किंवा दोघींनी सारख्या परिस्थितीत राहून ती स्वतंत्रपणे मिळवली असतील. यातलं फक्त पहिलं कारण जवळच्या नात्याचा पुरावा ठरतं. माझ्या कामातला निम्मा वेळ बाकीची दोन कारणं बाजूला काढण्यातच जातो.

तिसऱ्या कारणाचं माझं आवडतं उदाहरण कमळाचं आहे. कमळ आणि वॉटर लिली शेजारी ठेवा. दोन्ही पाण्यात वाढतात, दोघींचे कंद चिखलात, पानं मोठी गोल, फुलं मोठी आणि पुष्कळ पाकळ्यांची. जुन्या ग्रंथांमध्ये दोन्ही एकाच कुलात, म्हणजे नात्यातल्या जातींच्या एका मोठ्या गटात, होती. मात्र भिंगाखाली पाहणाऱ्यांना काही गोष्टी खटकत होत्या. लिलीचं पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला देठाशी खाच असते. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं आणि देठ त्याच्या मधोमध जोडलेला असतो. कमळाचं फळ पाहिलं असेल तर त्या शंकूच्या आकाराच्या भागात एकेक खळगा आणि त्यात एकेक कठीण फळ हे लक्षात राहिलंच असेल. लिलीत तसं काही नाही. सगळ्यात बोलका पुरावा परागकणांचा होता. लिलीच्या परागकणाला एकच चीर असते, कमळाच्या परागकणाला तीन. तीन चिरांचे परागकण हे द्विदल वनस्पतींच्या एका प्रचंड मोठ्या शाखेचं लक्षण आहे, आणि वॉटर लिली त्या शाखेच्या बाहेर, फुलझाडांच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांदीवर आहे.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात डीएनएची तुलना सुरू झाली तेव्हा परागकणांनी सांगितलेलंच पक्कं झालं. आज कमळ ज्या गणात (कुलांहून मोठा गट) आहे, त्या गणात त्याच्यासोबत आहेत चिनारची झाडं आणि दक्षिण गोलार्धातली प्रोटिया नावाची झुडपं. म्हणजे पाण्यातल्या कमळाचे जिवंत असलेले जवळचे नातेवाईक जमिनीवरचे वृक्ष आहेत. लिलीशी त्याचं साम्य पाण्यात राहण्यामुळे आलेलं, नात्यामुळे नव्हे. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग यांचंही तसंच. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी, पण पहिला खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडांतला. दुसरा एरंडाच्या कुलातला, कापला की पांढरा चीक देणारा. कोरड्या हवेत पाणी साठवण्याचा एकच उपाय दोन निराळ्या घराण्यांनी काढला.

आता दुसरं कारण, जुनं वैशिष्ट्य टिकून राहण्याचं. तुमची मगर इथेच अडकली आहे. माणूस, सरडा आणि घोडा घ्या. माणसाच्या हाताला पाच बोटं, सरड्याच्या पायाला पाच, घोड्याच्या पायाला एकच. बोटं मोजून गट केले तर आपण सरड्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि घोडा एकटा पडतो. हे चूक आहे हे कोणालाही जाणवतं, पण का चूक आहे? कारण पाच बोटं ही या तिघांच्याही दूरच्या पूर्वजाकडे होती. माणसाने आणि सरड्याने ती राखली, घोड्याने सोडली. जुनं राखलं म्हणून कोणी कोणाचं जास्त जवळचं होत नाही. उलट अंगावरचे केस आणि पिल्लांना दूध पाजणं ही नंतर उद्भवलेली वैशिष्ट्यं आहेत, ती माणसात आणि घोड्यात आहेत, सरड्यात नाहीत. नातं तिथून कळतं.

हा नियम काटेकोरपणे मांडला विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. त्याचं पुस्तक १९५० मध्ये आलं, पण इंग्रजीत १९६६ मध्ये आल्यावर त्याचा खरा प्रसार झाला. हेनिगचं म्हणणं असं की गट करताना फक्त सामाईक आणि नव्याने उद्भवलेली वैशिष्ट्यं मोजायची. आणि गटात एक पूर्वज घेतला तर त्याचे सगळेच्या सगळे वंशज घ्यायचे, मध्येच कोणाला वगळायचं नाही.

मगर सरड्यासारखी दिसते कारण दोघांनी खवले, थंड रक्त, जमिनीलगतची चाल अशी जुनी ठेव राखली आहे. पक्षी वेगळे दिसतात कारण त्यांच्या फांदीवर फार बदल झाले. पण वंशावळ पाहिली तर पक्षी हे डायनोसॉरांचे वंशज, आणि डायनोसॉर व मगरी यांचा सामाईक पूर्वज सरडे आणि साप यांच्या फांदीपासून आधीच वेगळा झालेला. म्हणून ‘सरपटणारे प्राणी’ या गटातून पक्ष्यांना बाहेर काढलं की तो गट अपुरा राहतो. माशांची तर याहून मोठी अडचण होते. फुफ्फुसमासा हा नात्याने सामन माशापेक्षा गाईला जवळचा आहे. दोघांनाही ‘मासा’ म्हणायचं आणि वंशावळ पूर्ण ठेवायची, तर गाय आणि आपण सगळेच त्या गटात येतो. वंशवृक्ष मांडताना ‘मासे’ हा गट अपुरा. मासेमारीचे नियम करताना मात्र अगदी योग्य. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

एखादं वैशिष्ट्य जुनं की नवं, हे ठरवायचं कसं? आम्ही ज्या गटाचा अभ्यास करतो, त्याच्या जवळचा पण नक्की बाहेरचा असा एखादा नातेवाईक घेतो. त्याच्यातही ते वैशिष्ट्य असेल तर बहुधा जुनं, नसेल तर नवं असण्याची शक्यता जास्त. एकाच वैशिष्ट्यावर भिस्त ठेवत नाही. अनेक वैशिष्ट्यं किंवा डीएनएची हजारो अक्षरं घेऊन, त्या सगळ्यांचा उलगडा सर्वांत कमी ओढाताणीने करणारा वंशवृक्ष शोधतो. हे काम हाताने का होत नाही, याचा अंदाज एका आकड्याने येईल. फक्त १० जातींसाठी शक्य असलेले निरनिराळे वंशवृक्ष ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ आहेत. म्हणून संगणक लागतो. पण कोणती वैशिष्ट्यं भरायची, कोणता बाह्य नातेवाईक धरायचा, हे माणूसच ठरवतो, आणि तिथे केलेला निष्काळजीपणा संगणक दुरुस्त करत नाही.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांकडे हाच तर्क स्वतंत्रपणे आलेला आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. एका ग्रंथाच्या अनेक नकला असतील तर कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हे कसं कळणार? दोन प्रतींत तोच शुद्ध पाठ असेल तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, तो मुळातच तसा असणार. पण दोन्ही प्रतींत नेमकी तीच ओळ गळली असेल, तोच शब्द त्याच विचित्र रीतीने बिघडला असेल, तर त्या दोघींमागे ती चूक प्रथम करणारी एखादी सामाईक प्रत असली पाहिजे. सामाईक चूक म्हणजेच हेनिगचं सामाईक नवं वैशिष्ट्य.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा आदिपर्वाचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये हस्तलिखितांची विभागणी उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची परंपरा आणि त्यांतल्या लिपीनुसारच्या शाखा अशी मांडली. पण त्यांना एक अडचण दिसली होती. नकलाकार एकच प्रत समोर ठेवून लिहीत नसत. अनेक प्रती ताडून पाहत, एकीतला श्लोक दुसरीत घालत. त्यामुळे शुद्ध वंशवृक्ष काढता येत नाही. म्हणून एकमेकांवरून उतरण्याची शक्यता कमी आहे अशा शाखांचं जिथे एकमत होतं, त्या पाठाला त्यांनी जास्त वजन दिलं. पुरावे मोजण्यापेक्षा त्यांचा एकमेकांशी संबंध नाही ना, हे पाहणं महत्त्वाचं.

भाषांमध्ये उसनवारीचा हा गुंता आणखी ठळक होतो. आर्मेनियन भाषेत इराणी भाषांमधून आलेले शब्द इतके आहेत की दीर्घकाळ ती इराणी शाखेतलीच मानली जात होती. १८७५ मध्ये हाइनरिश ह्युबशमान यांनी उसने शब्द बाजूला काढले आणि उरलेल्या मूळ शब्दांमधले ध्वनिबदल तपासले, तेव्हा ती इंडो-युरोपीय कुटुंबातली स्वतंत्र शाखा निघाली. नुसते सारखे शब्द मोजून चालत नाही, ध्वनींचा बदल नियमाने व्हावा लागतो. संस्कृतातला ‘प’ जिथे येतो तिथे जर्मानिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन वगैरे) ‘फ’ येतो, आणि तो पितृ, पाद, पशु अशा अनेक शब्दांत सापडतो. असा नियम योगायोगाने तयार होत नाही. मराठीत फारसी-अरबीतून आलेले शब्द भरपूर आहेत, पण सर्वनामं आणि क्रियापदांची रूपं पाहिली की तिचं घराणं कोणतं याबद्दल शंका राहत नाही.

आता उत्तर परिस्थितीवर अवलंबून असतं तो भाग सांगायला हवा, कारण वर लिहिलेलं सगळं फार सुरळीत वाटू शकतं. वंशवृक्ष हा नेहमी वृक्षच असतो असं नाही. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात-घेतात, त्यामुळे त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंततात. वनस्पतींमध्ये संकर होऊन नव्या जाती तयार होतात. गव्हाच्या आजच्या मुख्य जातीत तीन निरनिराळ्या गवतांचे गुणसूत्र-संच एकत्र आले आहेत, मग ती कोणत्या एका फांदीवर दाखवणार? आणि फांद्या झटपट फुटल्या असतील तर वेगवेगळी जनुकं वेगवेगळी गोष्ट सांगतात. आपण आणि चिंपांझी एकमेकांचे सर्वांत जवळचे, यात वाद नाही. तरीही गोरिलाच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, जवळजवळ ३० टक्के भाग असा आहे की तिथे गोरिला आपल्याला किंवा चिंपांझीला जास्त जवळचा दिसतो. म्हणून एका जनुकावरून काढलेला वंशवृक्ष कोणी ठामपणे दाखवला तर मी आधी बाकीची जनुकं काय म्हणतात ते विचारते.

दुसरी परिस्थितीवर अवलंबून असणारी गोष्ट म्हणजे पातळी. कोणत्या जाती एकत्र येतात, हे पुराव्यावरून ठरतं. त्या एकत्र आलेल्या गटाला कुल म्हणायचं की उपकुल, हे बऱ्याच अंशी संकेतावर आणि सोयीवर आहे. काही अभ्यासक मोठे गट पसंत करतात, काही लहान. त्यांच्यातला वाद अनेकदा नात्याबद्दल नसतोच, रेघ कुठे मारायची याबद्दल असतो. दोन कुलं म्हणजे समान वयाचे किंवा समान आकाराचे गट, असं समजू नका.

बाभळीचं नाव बदललं त्यात पुरावा आणि संकेत दोन्ही आले, म्हणून तो प्रसंग नीट सांगते. डीएनए अभ्यासातून दिसलं की अकेशिया ही जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा एकत्र मांडलेला गट, एका पूर्वजाची नाही. त्यात अनेक स्वतंत्र फांद्या आहेत. त्यामुळे ती फोडावी लागली. इथपर्यंत पुरावा. नियमाप्रमाणे मूळ नाव ज्या फांदीत त्या नावाचा प्ररूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना, आहे तिला मिळतं, आणि तो नमुना बाभळीचा होता. पण ऑस्ट्रेलियातल्या फांदीत सुमारे हजार जाती, त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत प्ररूप बदलून अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन फांदीला देण्याचा निर्णय झाला, आणि बरीच भांडणं होऊनही २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कॅटेचू. फांद्या वेगळ्या आहेत हे संशोधन. नाव कोणाला मिळालं हा मतदानाचा निर्णय. मलाही या निर्णयाची अडचण होते, कारण जुन्या शीटांवरची आणि पुस्तकांमधली नावं प्रत्येक वेळी जुळवून पाहावी लागतात. पण झाडांबद्दलचं ज्ञान त्यामुळे खोटं ठरत नाही.

आता ‘खरे की सोयीचे’. माझी कसोटी अशी आहे: ज्या वैशिष्ट्यांवरून गट केला, त्यांच्यापलीकडचं काही तो गट सांगतो का? स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १८व्या शतकात पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून वनस्पतींचे २४ वर्ग केले. झाड ओळखायला ती पद्धत छान होती, पण पुंकेसर किती हे कळल्यावर पुढे काहीच कळत नसे. लिनियसलाही ती कृत्रिम असल्याची पूर्ण जाणीव होती. याउलट पॅसिफिक यू झाडाच्या सालीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडलं, तेव्हा साल काढली की झाड मरतं ही मोठी अडचण होती. संशोधकांनी त्याच जीनसमधल्या युरोपियन यूकडे पाहिलं, आणि त्याच्या पानांत टॅक्सॉल तयार करायला लागणारा पूर्वपदार्थ मिळाला. पानं पुन्हा येतात. नात्यावर केलेला गट असं पुढचं दाखवतो.

हे फक्त सजीवांपुरतं नाही. मूलद्रव्यांना पूर्वज नसतात, तरी मेंडेलीव्हची १८६९ ची सारणी खरा गट करते. अणुभाराप्रमाणे टेल्युरियम (१२७.६) आयोडीनच्या (१२६.९) नंतर यायला हवं होतं, पण आयोडीनचे गुण क्लोरीन-ब्रोमीनशी जुळतात म्हणून त्याने क्रम उलटा ठेवला आणि काही जागा रिकाम्या सोडल्या. गॅलियम १८७५ मध्ये, स्कँडियम १८७९ मध्ये, जर्मेनियम १८८६ मध्ये सापडून त्या भरल्या. त्या उलट्या क्रमाचं कारण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने १९१३ मध्ये दाखवलं: अणुभार नव्हे, केंद्रकातला विद्युतभार क्रम ठरवतो. ग्रंथालयातले वर्ग मात्र वाचकाच्या सोयीसाठी असतात, आणि तिथे तीच योग्य कसोटी. म्हणजे सजीवांत आणि भाषांत सारखेपणामागे पूर्वज असतो, मूलद्रव्यांत अणूची रचना, ग्रंथालयात वापरणाऱ्याची गरज. गट कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत असलं की कोणता गट कशासाठी वापरायचा, याचा गोंधळ होत नाही.

तुमच्या बियांचं आता सोपं होईल. आधी ठरवा की संग्रह कशासाठी. बिया वाऱ्याने कशा पसरतात हे दाखवायचं असेल तर पंखवाल्या बिया एकत्र, तंतूवाल्या एकत्र, हे उत्तमच. फक्त त्या डब्याला नात्याचा गट समजू नका. सावर, कापूस आणि रुई यांचे तंतू भिंगाखाली पाहा. कापसाचे तंतू बीच्या सालीतून निघतात. सावरीचे फळाच्या आतल्या भिंतीतून. रुईची म्हातारी बीच्या एका टोकाला झुबक्यासारखी असते. कापूस आणि सावर आज एकाच कुलात मोडतात, तरी त्यांचे तंतू एकाच जागेतून आलेले नाहीत. रुई तर दुसऱ्याच कुलातली. दिसायला तीन सारखे झुबके, पण त्यांचा उगम तीन ठिकाणी.

नात्यानुसार मांडायचं असेल तर कुलवार लावा आणि नुसत्या बीवर विसंबू नका. त्याच झाडाची पान-फूल असलेली एक वाळवलेली फांदी दाबून ठेवा. प्रत्येक नमुन्याला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, सोबत तारीख आणि जागा. क्रमांक नावावर आधारलेला नसावा, म्हणजे उद्या नाव बदललं तरी डबा तोच राहील; जुन्या नावावर काट न मारता नवीन नाव तारखेसह खाली लिहा. वाऱ्याने पसरणाऱ्या, पाण्याने पसरणाऱ्या अशा याद्या त्या क्रमांकांवरून स्वतंत्र करता येतील, बिया हलवाव्या लागणार नाहीत. आणि ओळख कुलापर्यंतच पटत असेल तर लेबलवर कुलच लिहा, पुढची जागा कोरी ठेवा. अंदाजाने लिहिलेलं जातीचं नाव पुढच्या माणसाला खरं वाटतं आणि मग ते पुसायला फार वेळ लागतो; कोरी जागा पाहून मात्र कोणीतरी तो नमुना नक्की पुन्हा तपासतो.